खराट्याला आलेली फुलं

मी वाळकी झाडं चिकटवते. म्हणजे नोकरीच ती आहे माझी. कुणाला हे सांगितलं, की समोरचा "अच्छा" म्हणतो आणि मुलं काय करतात ते विचारतो. सव्वीस वर्षं झाली. वनस्पतींच्या संग्रहालयात मागच्या बाजूला, जिथे ऊन येत नाही आणि साहेब लोकही येत नाहीत, तिथे माझं टेबल आहे. लोक रानावनातून फांद्या तोडून आणतात, वर्तमानपत्रात दाबून वाळवतात, मग मी त्या जाड पांढऱ्या कागदावर डिंकाने चिकटवते. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे सापडलं, कधी, किती वाजता, कुणी तोडलं आणि शेवटी शेरा. सगळे मला डिंकबाई म्हणतात. खरं नाव पगाराच्या कागदावर आहे, तिथे ते सुखात आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. जिवंत झाड मला ओळखू येत नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. झाड उभं असतं, वाऱ्याने हलतं, त्याला मागची बाजू असते, आणि माझा गोंधळ उडतो. तेच चपटं करून कागदावर ठेवा, मी दारातून सांगेन कोणत्या कपाटात जायचं ते.

आमच्या सरांनी मला एकच गोष्ट शिकवली. "फूल गळायच्या आत दाबा, बाई! गळलेलं फूल म्हणजे केर." हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलंय, की आता त्यांनी नुसता घसा खाकरला तरी माझा हात कात्रीकडे जातो. पिशवीत माझ्या कायम कात्री, जुनी वर्तमानपत्रं आणि पट्टे लावलेल्या दोन फळ्या. लग्नाबिग्नाला गेलो की आमचे हे मला स्टेजपासून चार रांगा मागे बसवतात. एकदा झालाय तसला प्रकार, त्यावर बोलायला नको.

आता अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील, वय एकोणऐंशी, कान शाबूत, तोंड त्याहून शाबूत. चौतीस वर्षं गावाच्या पंपहाऊसवर होते. सकाळी सहाला पाणी सोडायचं, संध्याकाळी सहाला चावी बंद. गावाच्या टोकाला पाणी खात्याने त्यांना दोन खोल्या दिल्या होत्या. निवृत्त झाल्यावर खातं म्हणालं, जागेची गरज पडेपर्यंत राहा. जागेची गरज कुणाला पडणार? मागचं दार उघडलं की वाळू. पुढे आणखी वाळू. आई गेल्यावर अप्पा तिथे एकटेच राहत होते.

अप्पांची एक गोष्ट आमच्या घरात सांगायला बंदी आहे, म्हणून इथे सांगते. नव्या पंपाचं उद्घाटन होतं. मांडव, खुर्च्या, लांबून आलेले मोठे पाहुणे. भाषणं लांबली. शेवटी पाहुण्यांनी नळ उघडला, ओंजळ पुढे केली, फोटोवाला खाली बसला, आणि नळ दोनदा खोकून बंद पडला. कारण घड्याळात सहा वाजले होते आणि अप्पांनी आत जाऊन चावी फिरवली होती. हाताला सवय. ज्या समारंभासाठी महिनाभर रंगरंगोटी केली, त्याचं पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने तोडलं. खात्याने लेखी खुलासा मागवला. अप्पांनी एका ओळीत दिला: "सहा वाजले होते." पंधरा दिवस घरी बसवलं त्यांना.

आईने ते वाक्य धरूनच ठेवलं. दूध उतू गेलं, सहा वाजले होते. धाकटा भाऊ शाळा बदलल्यावरही जुन्याच शाळेत जाऊन बसला, सहा वाजले होते. अप्पा ताटावरून उठून जायचे. एकदा तर दोन दिवस आईशी बोलले नाहीत. तेव्हापासून त्यांच्यासमोर ते तीन शब्द कुणी काढत नाही. आई गेली त्यानंतर तर कुणी हळू आवाजातही काढले नाहीत.

तर त्या घराच्या मागे, न्हाणीच्या भिंतीला लागून एक झुडूप होतं. गुडघ्याएवढं. राखाडी काटक्या, त्यावर तांदळाच्या कणीएवढी लोकरीसारखी पानं, तीही मर्जी असली तर. उलटा खोचलेला खराटा दिसतो ना, अगदी तसं. अप्पा त्याला खराटाच म्हणायचे. वारा सुटला की वाळू येऊन त्याच्या बुंध्याशी बसायची, म्हणून ते वर वर येत राहायचं आणि तरी गुडघ्याएवढंच राहायचं. कुणी त्याला पाणी घातलं नाही, कुणी उपटलं नाही. आई त्याच्यावर पोतेरी वाळत घालायची, अप्पा बनियन. काटे नव्हते आणि कपडे उडत नव्हते, एवढीच त्याची आम्हाला ओळख. मी त्या झाडासमोर लहानाची मोठी झाले.

मग पाणी खात्याचं पत्र आलं. तिथे पाण्याची टाकी बांधायची आहे, तीन महिन्यांत घर रिकामं करावं. अप्पांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवलं.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पाच वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, अप्पा, आमच्याकडे चला. दुसरा मजला आहे, पण हवेशीर आहे. तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. त्यावर ते म्हणायचे, "तुझ्याकडे वाळू नाही." हे काय उत्तर झालं? अख्खी हयात केरसुणी घेऊन त्या वाळूवर वैतागलेला माणूस! म्हटलं, आता तरी येतील निमूट.

पुढच्या रविवारी डबा घेऊन गेले, तर अप्पा मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसलेले. एकेक थेंब, मग दार उघडून-मिटून बघायचं, मग पुन्हा एक थेंब. तीन महिन्यांत जे दार बुलडोझरखाली जाणार, त्याला तेल. मी विचारलं, "कशाला आता?" तर म्हणाले, "कुरकुरतंय." तेव्हाच ठरवलं, की मला अप्पा माझ्या घरी नकोत. मला हे इथेच हवेत, ह्या कुरकुरत्या दारात. पण ठरवून काय होतं, मी डिंक लावणारी बाई.

त्याच दिवशी दुपारी मी त्यांचं जाड पांघरूण धुतलं आणि ओलंच खराट्यावर टाकलं. दोन तासांनी उचलायला गेले. ओझ्याने एक फांदी खाली वाळूवर पार चपटी होऊन पडली होती, पानं दोन्ही बाजूंना नीट पसरलेली, जणू मीच मांडलीय. मी वरून बघितलं आणि पांघरूण हातातून सुटलं.

कपाट चौदा. तिसरा खण. तळाचा एकुलता एक कागद.

शहात्तर वर्षांपूर्वीची फांदी आहे ती, आता चहाच्या रंगाची झालेली. चिठ्ठीवर लिहिलंय, "वाळूचा प्रदेश, विरळ." आणि त्याखाली वेगळ्या शाईत, "पुन्हा आढळले नाही." आमच्या सरांनी उमेदीची वर्षं ह्या झुडपाच्या मागे घालवली होती. जीप घेऊन, तंबू घेऊन, लांबलांबच्या वाळूत महिनेच्या महिने. ते त्यांच्या ऑफिसपासून बसने वीस मिनिटांवर होतं आणि त्याच्यावर अप्पांचं बनियन होतं.

सर दुसऱ्या दिवशी आले. गुडघ्यावर बसले, मग पोटावर आडवे झाले, भिंग लावलं, बराच वेळ श्वास घेतला नाही. अप्पांनी मला हळूच विचारलं, "ह्यांना काही होत असतं का?" सर उठले तेव्हा नाकाला वाळू लागलेली होती.

"असावं," ते म्हणाले. "पण फुलाशिवाय सांगता येत नाही."

भानगड अशी, की ह्या झुडपाचा एक चुलतभाऊ आहे. तो सगळीकडे उगवतो, शेळ्या खातात, त्याला कुणी विचारत नाही. दोघं दिसायला एक. फरक फक्त फुलात: ह्याच्या फुलाच्या घशात बारीक केस असतात, त्याच्या नसतात. आणि सरकारचा नियम सरांनी मला वाचून दाखवला. दुर्मिळ झाड असेल तर तिथलं बांधकाम हलवता येतं. टाकीसाठी खात्याकडे दुसरी जागाही होती, बस डेपोच्या मागे. फक्त समितीने येऊन झाड बघायला हवं. कसं बघायचं तेही लिहिलं होतं: जागेवर, जिवंत, फुलासह.

"म्हणजे हा खराटा फुलला तर मी इथेच राहणार?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"आणि नाही फुलला तर हिच्याकडे दुसऱ्या मजल्यावर."

"हो."

अप्पांनी खराट्यावरचं बनियन उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. "आजपासून दोरी बांधतो," म्हणाले.

सरांनी अर्ज केला. समितीची तारीख मिळाली, पाच आठवड्यांनंतरचा मंगळवार, सकाळी अकरा. अप्पांनी झाडाजवळ खुर्ची टाकली आणि काठी घेऊन शेळ्या हाकलायला बसले. शेळ्यांना कधी त्यात रस नव्हता, पण आता एवढा म्हातारा राखण करतोय म्हटल्यावर त्याही येऊन बघायला लागल्या. मी भीत भीत सरांना विचारलं, थोडं पाणी घालायचं का. सर ओरडण्याआधी अप्पाच ओरडले. "चौतीस वर्षं गावाला पाणी दिलं, ह्याला एक थेंब दिला नाही. म्हणून तर जगलंय."

समितीच्या दहा दिवस आधी अप्पांचा फोन आला. "खराट्याला मुरुमं आलीत."

कळ्या होत्या. सात. फक्त भिंतीकडच्या एका फांदीवर. बाकीच्या फांद्यांनी पन्नास वर्षं आमचे कपडे अंगावर वागवले होते, त्यांच्यात काही उरलं नव्हतं. सर त्या फांदीकडे बघून रडायचेच बाकी होते. अप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांनी हे झाड फुललेलं एकदा पाहिलंय, माझ्या जन्माच्या वर्षी. आईने त्यावरचं पोतेरं उचललं आणि म्हणाली, बघा हो, ह्याला पण काहीतरी झालंय. "दुपारपर्यंत गळून गेलं सगळं," अप्पा म्हणाले. "तुझी आई त्या दिवशी त्याच्यावर काही वाळत घालेना."

सोमवारी मी रजा टाकून अप्पांकडे राहायला गेले. सरांनी फोनवर नीट समजावलं. उद्या सकाळी उमलतील. दुपारी गळतील. अकरा म्हणजे अगदी वेळेवर. "तुमचं काम फक्त लक्ष ठेवायचं, बाई. लक्ष ठेवा." मी म्हटलं, सर, निश्चिंत राहा. असं मी म्हणाले. मला माझेच शब्द अजून ऐकू येतात.

मंगळवारी सकाळी मी न्हाणीतून बाहेर आले तर सातही उमलली होती. शर्टाच्या बटणाएवढी, फिकट जांभळी, मध्ये पिवळा ठिपका. त्या राखाडी काटक्यांवर ती कुणीतरी आणून चिकटवल्यासारखी दिसत होती, आणि चिकटवण्याबद्दल मला थोडं कळतं. मी खाली बसले. भिंग काढलं. घशात केस होते, मोजता येतील इतके स्वच्छ. वाटलं, अप्पांना हाक मारावी, अप्पा, राहिलं तुमचं घर! पण ते आत स्टोव्हशी चहाचं बघत होते. म्हटलं, दोन मिनिटं थांबू.

मग वाऱ्याची झुळूक आली आणि एका फुलाची पाकळी हलली. गळली नाही, नुसती हलली.

पुढचं मी जसं झालं तसं सांगते, त्यात माझं काही नाही. कात्री काढली. फांदी बुंध्यापासून चार बोटांवर तिरकी कापली, कारण तिरकीच कापायची असते. वर्तमानपत्र पसरलं. पानं सोडवून घेतली, दोन फुलं वर तोंड करून, दोन खाली, एक आडवं, एक उकलून म्हणजे घसा दिसेल, आणि सातवं जसं होतं तसं. वर दुसरा कागद, वर टीपकागद, वर फळी. गुडघा टेकवून पट्टे आवळले. काम छान झालं होतं. इतकं छान मी वर्षभरात दाबलं नव्हतं. घड्याळ बघून कागदाच्या कोपऱ्यात वेळ टाकली: सकाळी ७.१०.

अप्पा दोन कप घेऊन आले. झाडाकडे बघितलं. भिंतीच्या बाजूने वाकून बघितलं.

"फुलं कुठायत?"

मी फळीवर थाप मारली आणि म्हणाले, "सुरक्षित आहेत."

आणि मग मला कळलं.

अप्पांनी कप खाली ठेवले, घरात गेले आणि गळक्या पाइपांना गुंडाळायची चिकटपट्टी घेऊन आले. मी पट्टे सोडले. आम्ही दोघांनी मिळून ती फांदी पुन्हा झाडाला बांधली. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा आणि पन्नाशीची बाई वाळूत गुडघे टेकून झाडाला पट्टी मारतायत. फांदी बांधली गेली, पण चपटी ती चपटीच. अख्ख्या झाडात तेवढीच मला ओळखू येत होती.

सर साडेदहाला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. बघितलं आणि म्हणाले, "हे काय आहे?"

"गळती होती," अप्पा म्हणाले. "थांबवली."

सरांनी माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत ते माझ्यावर रोज ओरडले, त्या दिवशी ओरडले नाहीत. खाली बसून त्यांनी स्वतः ती पट्टी सोडवली. "खोटं नको," एवढंच म्हणाले.

समितीच्या मॅडम बरोबर अकराला आल्या, हातात फॉर्म. बाई अगदी सज्जन होत्या, हेच वाईट. आरडाओरडा करणारं कुणी आलं असतं तर मला भांडता आलं असतं. सरांनी त्यांना दाबलेली फांदी दाखवली, केस दाखवले, कपाट चौदाची गोष्ट सांगितली. त्यांनी भिंगातून बघितलं आणि खरंच आनंदल्या. "अभिनंदन!" म्हणाल्या. मग फॉर्म भरायला घेतला.

"जागेवर आहे. जिवंत आहे. फुलासह..." त्यांनी झाडाकडे बघितलं. "नाही. पुन्हा कधी फुलेल?"

"नोंद शहात्तर वर्षांपूर्वीची आहे," सर म्हणाले.

"मी पाहिलंय मधे एकदा," अप्पा म्हणाले. "हिच्या जन्माच्या वर्षी."

"तोंडी माहितीला रकाना नाही हो, काका," मॅडम हळहळून म्हणाल्या. त्यांनी पान उलटलं. "नमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात सुरक्षित आहे का? आहे की! बरं झालं तुम्ही तोडून ठेवलंत, बाई. हे 'हो' आलं की पुढचे पाच रकाने भरावेच लागत नाहीत." आणि शेवटच्या चौकटीत त्यांनी लिहिलं: झाड जतन झालेले आहे, बांधकामास हरकत नाही.

मी भांडले. नाही असं नाही. म्हटलं, मॅडम, चूक माझी आहे, शिक्षा ह्यांना का? त्या म्हणाल्या, चूक कुठेय, तुम्ही तर काम केलंत. अप्पांनी त्यांना पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडायला गेले.

सरांनी झाड हलवून संग्रहालयाच्या आवारात न्यायचा प्रयत्न केला. दोन माणसं दिवसभर खणत होती. वर गुडघ्याएवढं झुडूप, खाली मूळ पुरुषभर खोल गेलं तरी संपेना, आणि मग तुटलं. तीन महिन्यांची मुदत संपली आणि टाकीचा पाया खणायला घेतला.

अप्पा आमच्याकडे आले. एक ट्रंक, ती खुर्ची आणि तेलाची बुधली. रंगवलेल्या खोलीबद्दल "बरी आहे" म्हणाले. बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे बघत बसायला लागले. आमच्या दारांना तेल घातलं, आमची दारं कुरकुरत नव्हती तरी. जेवण चांगलं म्हणायचे, आमच्या ह्यांच्याशी बातम्यांवर बोलायचे, वेळेवर झोपायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलायला हवं होतं हो. चार शिव्या घालायला हव्या होत्या. ज्या माणसाने आयुष्यात कधी तोंड आवरलं नाही, त्याने माझ्यापुरतं आवरावं, हे मला सहन होईना.

धाकट्या भावाचा फोन आला. तो लांब असतो आणि दर रविवारी शहाणपणा पाठवतो. "काय ताई, पाच वर्षं तुला जे हवं होतं तेच झालं की." मी फोन ठेवून दिला. पण ते डोक्यातून जाईना. खरंच का? रंगवलेली खोली, पाच वर्षांचा लकडा, आणि नेमकी त्याच सकाळी माझी कात्री चालावी? मी मुद्दाम केलं नाही, हे मला माहीत होतं. पण मग का केलं, ते मला माहीत नव्हतं, आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ती गोष्ट मुद्दाम केल्यासारखीच दिसते.

इकडे ऑफिसात माझं कौतुक. सरांनी त्या झुडपावर लेख लिहिला, शेवटी माझे आभार मानले, छापून आलं. फांदी वाळून तयार होती. नुसती चिकटवायची होती. मी चिकटवेना. एक महिना ती माझ्या टेबलाच्या खणात पडून होती, दुसरा महिना गेला. शेवटी एका सकाळी हिय्या करून डिंक लावला, फांदी बसवली, चिठ्ठी भरली. कुठे: न्हाणीच्या भिंतीलगत, वाळूत. कधी, किती वाजता, कुणी तोडलं, सगळं लिहिलं. शेऱ्यापाशी पेन थांबलं.

तेवढ्यात दारात अप्पा. मी डबा घरी विसरले होते, तो घेऊन दोन बस बदलून आले होते. सव्वीस वर्षांत ते कधी माझ्या ऑफिसात आले नव्हते. टेबल बघितलं, डिंकाची बरणी बघितली, मग तो कागद.

"हा का?"

"हा."

ते बराच वेळ वाकून बघत होते. फुलांचा जांभळा रंग थोडा उडाला होता, बाकी जसंच्या तसं. "बनियन घालायला उपयोग नाही आता," म्हणाले.

मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं एकदम. मी म्हटलं, "अप्पा, मी घालवलं तुमचं घर. मुद्दाम नाही केलं. शपथ घेते. पण का केलं ते मला सांगता येत नाही. दोन महिने विचार करतेय, सापडत नाही. तुम्ही मला बोला तरी काहीतरी."

अप्पांनी डबा टेबलावर ठेवला. चिठ्ठीवर बोट ठेवून ओळी वाचत खाली आले आणि रिकाम्या ओळीवर थांबले.

"हे काय राहिलंय?"

"शेरा. काय लिहायचं कळत नाही."

ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. मग खिडकीकडे बघत, तक्रार नोंदवल्यासारख्या आवाजात म्हणाले, "लिही की. सहा वाजले होते."

मी पेन उचललं. त्यांनी मान हलवली. "लिही, लिही. तुझी आई तेच म्हणाली असती."

मी लिहिलं. मग आम्ही दोघांनी मिळून तो डबा खाल्ला, आणि भाजीत मीठ कमी आहे असं ते तीनदा म्हणाले. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दुपारी सर आले. कागद उचलून उजेडात धरला, फुलं बघितली, खूश झाले, चिठ्ठी वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, वर तोडल्याची वेळ सात दहा आहे. खाली सहा म्हणताय. ह्यातलं बरोबर कोणतं?"

"दोन्ही, सर," मी म्हटलं आणि कागद कपाट चौदात ठेवायला गेले.